परांचीवरची उलाळ फळी

वाशीचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. पाहिला नसेल तर निदान तिथल्या आडत्याची पट्टी तरी तुमच्या घरी येऊन पडलेली असेल. कांद्याची गाडी रात्री तिथे लागते, हिशेब होईपर्यंत दिवस उजाडतो आणि मग माणूस डोळे चोळीत इकडेतिकडे पाहतो, तो चहूकडे उंच उंच इमारती. या कोणी बांधल्या असे विचारले, तर लोक बिल्डरचे नाव सांगतात. मी सांगतो, त्या तुमच्या-माझ्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी बांधल्या आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे खडी फोडायला बसली होती. त्या वर्षी विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि १९७३ साली आमच्या गावचे आम्ही सहा जण वाशीला गेलो. सिडको ही सरकारी कंपनी मार्च १९७० मध्ये स्थापन झाली होती आणि ठाणे, पनवेल, उरण या बाजूच्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले होते. वाशीचा खाडीपूल त्याच सुमाराला सुरू झाला. रेल्वे तर वाशीला पोहोचली १९९२ साली. आम्ही गेलो तेव्हा भातखाचरे, मिठागरे आणि चिखल, त्यांत मधेच विटांचे ढीग. जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्याच. त्यांना भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून लढावे लागले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला पाच जण गोळीबारात गेले. म्हणजे ज्यांची जमीन गेली तेही शेतकरी आणि ज्यांनी तिच्यावर भिंती चढवल्या तेही शेतकरी. असो. तो विषय मोठा आहे, आज मला दुसरे सांगायचे आहे.

बिगारी म्हणून लागलो, घमेली वाहिली, पाच वर्षांनी थापी हातात आली आणि पुढे तीस वर्षे गवंडीकाम केले. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर, शेवटी खारघर. या सगळ्या काळात मी मजूर उंचावरून पडताना पाहिले. किती ते मोजले नाही; पण पडण्याची कारणे मात्र मनात साठत गेली. तीच तुमच्यापुढे ठेवतो, कारण दिवाळी झाली की आपल्याकडची पोरे अजूनही तिकडेच जातात.

आधी परांची म्हणजे काय ते घरातल्या बायाबापड्यांसाठी सांगतो. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला आपण शेतात माचा उभारतो ना, चार मेढी आणि वर आडवी लाकडे, तसाच हा प्रकार. भिंत जसजशी वर जाते तसतसे गवंड्याला उभे राहायला काहीतरी लागते. म्हणून बांबू किंवा बल्ल्या उभ्या करायच्या, त्यांना आडवे बांबू काथ्याने आवळायचे, त्यांवर फळ्या टाकायच्या. हल्ली मोठ्या कामावर लोखंडी नळ्यांची परांची असते, पण लहान इमारतीच्या गिलाव्याला आणि रंगाला बांबू अजून दिसतो. फरक एवढाच, की माच्यावर एक राखणदार गोफण घेऊन बसतो आणि परांचीवर चार माणसे, दोन घमेली माल आणि विटांची रास असते. आणि तो माचा दहा-दहा मजले चढतो.

आपण शेतकरी दोराच्या बाबतीत हलगर्जी नसतो. मोटेचा काळ ज्यांना आठवतो त्यांनी आठवून पाहावे. बैल जुंपण्यापूर्वी नाडा बोटांत फिरवून पाहिल्याशिवाय कोणी मोट सोडत नसे. एक पीळ झिजलेला दिसला तरी नाडा बदलत. का? तर नाडा तुटला तर बैल तोंडावर आपटतील आणि माणूस विहिरीत जाईल. तोच माणूस शहरात गेला की दुसऱ्याने बांधलेल्या परांचीवर न पाहता चढतो. कारण तिथे दोर आपला नसतो, हुकूम मुकादमाचा असतो, आणि ‘ही बांधणी ढिली वाटते’ म्हणणाऱ्याला ‘मग घरी जा’ हे उत्तर ठरलेले असते. नाक्यावर पन्नास जण उभे असताना असे म्हणायला छाती लागते.

काथ्या पावसात कुजतो आणि उन्हात वाळून ढिला पडतो. पावसाळ्यात जी परांची महिनाभर रिकामी उभी राहिली, तिच्यावर पुन्हा चढण्यापूर्वी प्रत्येक गाठ आवळली पाहिजे. भिजलेला बांबू शेवाळासारखा निसरडा होतो. दुसरे, फळ्या. कामावर फळ्या नेहमी कमी असतात. वरच्या मजल्याला लागल्या की खालच्या काढायच्या, तिकडून इकडे आणायच्या, आणि सकाळी जिथे फळी होती तिथे दुपारी भोक असते. ज्याने काढली तो दुसरीकडे गेलेला असतो आणि ज्याला ठाऊक नाही तो डोक्यावर घमेले घेऊन येतो. डोक्यावर घमेले असलेल्या बाईला पायाखालचे दिसत नाही, हे साहेब लोकांना कधी सुचलेले मी पाहिले नाही. लिफ्टच्या खड्ड्याचेही असेच. इमारत उभी राहते तेव्हा लिफ्ट नसते, पण तिचे भोक प्रत्येक मजल्यावर असते. त्याला नुसती एक आडवी बांबूची काठी बांधली तरी जीव वाचतो.

आणि आता उलाळ फळी. बैलगाडीत मागच्या बाजूला पोती जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, हे लहान पोरालाही कळते. परांचीची फळी दोन आडव्या बांबूंवर टेकलेली असते. तिचे टोक शेवटच्या बांबूच्या बाहेर वीत-दीड वीत असेल तर ठीक. पण हात-दीड हात बाहेर आले आणि त्या टोकावर कोणी पाय दिला, तर फळी तशीच उलाळ होते. तिथे जू नसते, बैल नसतात, माणूस सरळ खाली जातो आणि मागून फळी येते. फळी बांधलेली असली तर असे होत नाही. बांधायला हातभर काथ्या लागतो.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा असाच गेला. गेला म्हणजे मेला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये उलवे भागातल्या एका इमारतीवर बाहेरून गिलावा चालला होता. दुसऱ्या मजल्याची उंची, जमिनीपासून वीस फूट असेल. वय ३०. ठेका फुटावर होता, म्हणजे जितके फूट काम तितके पैसे, त्यामुळे सगळ्यांना घाई. कोपरा हाताला येईना म्हणून तो फळीच्या टोकाकडे सरकला. वीस फुटांवरून पडायला सव्वा सेकंदही लागत नाही आणि खाली पोहोचताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळ असतो. एवढ्या वेळात हात कशालाही लागत नाही. तो पाठीवर पडला, खाली विटांचे तुकडे होते.

सोबतच्यांनी धावत येऊन त्याचे हातपाय धरले, उचलला आणि टेंपोत घातला. त्यांची माया खोटी नव्हती. पण कण्याला मार लागलेल्या माणसाला असे मधे वाकवून उचलू नये. मोडलेला मणका सरकला तर आतल्या मज्जारज्जूला जास्त इजा होऊ शकते. आमच्या पोराची इजा पडताना झाली की उचलताना वाढली, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक जाणाऱ्याला सांगतो: उंचावरून पडलेला माणूस श्वास घेत असेल आणि तिथे दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. पाय हलतात का, मुंग्या येतात का ते विचारा. १०८ क्रमांकाला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून फुकट मिळते. हलवणे भागच असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम फळीवर घ्यायचे, जणू माणूस एकच ओंडका आहे. ज्या फळीने पाडले तीच तेव्हा कामाला येते.

कमरेखाली त्याची जाणीव गेली ती गेलीच. दवाखान्यात दोन महिने काढले. तिथल्या एका परिचारिकेने सूनबाईला शिकवले ते औषधांपेक्षा मोलाचे होते: दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही. नाहीतर बैठकीवर आणि टाचांवर जखमा होतात, त्या हाडापर्यंत जातात, आणि अशा रोग्याला त्या दुखतही नाहीत म्हणून कळत नाहीत. लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची, आरसा घेऊन पाठ रोज कशी पाहायची, हेही शिकवले. पुढे मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत त्याला चाकाच्या खुर्चीत बसायला आणि हातांच्या जोरावर खाटेवर सरकायला शिकवले. ही संस्था १९५५ पासून आहे, पण खेड्यात तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता पैशाची गोष्ट. ती लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण अशा घराचा कणा दोनदा मोडतो, एकदा परांचीवर आणि एकदा कागदावर.

अपघातानंतर दहाव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात आला. चाळीस हजार रुपये आणि एक स्टँप पेपर. पोराची चूक होती, आम्ही माणुसकीने देतो, पुढे काही मागणे नाही, असा मजकूर. माझा भाऊ अंगठा द्यायला निघालाच होता. हातात दमडी नव्हती. सूनबाई सातवी शिकलेली. ती म्हणाली, “मामंजी, थांबा. तात्या येऊस्तोवर कुणी अंगठा द्यायचा नाय. मला आधी वाचू द्या.” तिने ते दोनदा वाचले आणि कागद परत दिला. त्या पोरीच्या त्या एका वाक्याची किंमत पुढे कळली.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून होता. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. कामगाराने मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. कायमचा पुरता निकामी झालेल्या कामगाराला मासिक मजुरीच्या ६० टक्के आणि त्याला वयाचा आकडा गुणायचा. मृत्यू आला तर ५० टक्के. वयाचा आकडा कायद्याच्या तक्त्यात दिलेला असतो, वयाच्या ३० व्या वर्षी तो २०७.९८. मजुरी कितीही असली तरी तेव्हा हिशेबात महिना ८,००० रुपयेच धरत. म्हणजे ४,८०० गुणिले २०७.९८. पाटी घेऊन करून पाहा, ९,९८,३०४ रुपये होतात. कुठे चाळीस हजार आणि कुठे दहा लाख! जानेवारी २०२० मध्ये ८,००० ची मर्यादा १५,००० झाली, म्हणजे त्यानंतरच्या अशाच अपघाताला १८,७१,८२० रुपये होतील.

त्या वेळी आम्हांला तीन गोष्टी वकिलांनी सांगितल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. पहिली, ठेकेदार पळाला किंवा हात वर केले तरी ज्याने त्याला काम दिले त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. दुसरी, भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कागद केला तरी कायद्यापुढे तो टिकत नाही. आणि माणूस मेला असेल तर रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागते, वारसाच्या हातावर परस्पर टेकवून मालक मोकळा होत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ‘तो प्यालेला होता’, ‘त्याने पट्टा लावला नव्हता’ हे बोलणे प्रत्येक अपघातानंतर कानावर येते. पण मृत्यू किंवा कायमचे पुरते अपंगत्व आले असेल, तर अशा सबबीने भरपाई बुडत नाही, असे कायद्यातच लिहिलेले होते. याचा अर्थ पिऊन चढा असा नव्हे! पण गेलेल्याच्या बायकोला कोणी ही सबब सांगून परत पाठवू नये.

दावा साडेतीन वर्षे चालला. तारखेला जायचे म्हणजे एसटीचे भाडे, मजुरी बुडणे, आणि पुराव्याची मारामार. पोरगा त्या इमारतीवर कामाला होता हेच आधी नाकारले गेले. हजेरीची वही ठेकेदाराकडे. शेवटी उपयोगी पडले ते दवाखान्यातले पोलिसांचे टिपण, ज्यात पडल्याची जागा लिहिली होती, आणि पोराच्या मोबाइलमधला एक फोटो. चार दिवस आधी सोबत्यांनी हसत काढलेला, मागे इमारतीचा फलक दिसत होता. रक्कम व्याजासकट मिळाली, पण तोपर्यंत भावाने दोन एकर काढून दिले होते. ते परत आले नाहीत.

इथे एक बदल सांगितला पाहिजे. बांधकाम कामगारांचा खास कायदा १९९६ साली झाला. त्यात परांची कशी असावी, पट्टा, जाळी, कठडा कोणी पुरवायचा याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कामगारांसाठी मंडळ काढायची सोय केली. आपल्या राज्यात हे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार नव्या श्रमसंहिता लागू केल्या आणि १९२३ व १९९६ चे हे कायदे त्यांत सामावले. त्यामुळे आज दावा करायचा तर कलमांची नावे वकिलाकडून किंवा कामगार कार्यालयातून नवी घ्यावीत. कामावर इजा झाली तर मालक देणे लागतो, हे मूळ तसेच आहे.

कायदे होते म्हणून अपघात थांबले, असे मात्र झाले नाही. आमचा पोरगा दवाखान्यातून घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. २९ जुलै २०१६ ला पुण्याच्या बालेवाडीत चौदाव्या मजल्याचा स्लॅब भरताना तो कोसळला आणि नऊ मजूर गेले. बातमी ऐकून त्याने रेडिओ बंद करायला सांगितला. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई उचलणारे अजस्र यंत्र खाली आले आणि २० माणसे गेली. तिथे इंजिनिअर होते, यंत्रे होती, हेल्मेटे होती. हेल्मेट डोक्यावर पडणाऱ्या विटेपासून वाचवते, उंचावरून पडणाऱ्या माणसाला ते फारसे उपयोगी नाही. त्यासाठी कमरेएवढा कठडा हवा, खाली जाळी हवी, आणि पट्टा हवा. पट्ट्याचेही मी गमतीदार प्रकार पाहिले आहेत. साहेबांची गाडी आली की सगळ्यांच्या अंगावर पट्टे चढत, पण त्यांचे हूक कशालाच अडकवलेले नसत, नुसते मागे शेपटीसारखे लोंबत. हूक अडकवायला मजबूत दोर किंवा नळी वरच्या बाजूला आधी बांधलेली नसेल, तर बिचारा मजूर तो कुठे अडकवणार? परांचीच्याच बांबूला अडकवला तर परांचीबरोबर खाली येणार.

म्हणून ज्या घरातून कोणी जाणार असेल त्या घराला माझे सांगणे आहे. पहिले आठ दिवस उंचावर चढायचे नाही, खालचे काम मागून घ्यायचे. नव्या माणसाला तोल आणि जागा दोन्ही ठाऊक नसतात. रोज सकाळी चढण्यापूर्वी फळीची दोन्ही टोके पाहायची, आणि बाहेर जास्त आलेले टोक दिसले की हातभर काथ्याने बांधायचे. काथ्या खिशात ठेवावा, तो मागायला मुकादमाकडे जावे लागत नाही. ज्या इमारतीवर काम आहे तिच्या फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी घरच्यांच्या मोबाइलवर पाठवायचा. २०१७ पासून बहुतेक मोठ्या गृहप्रकल्पांना महारेराचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तो फलकावर दिसला तर लिहून ठेवायचा. ठेकेदाराचे पूर्ण नाव आणि फोन घरातल्या बाईला ठाऊक असावा. मजुरी होता होईल तो खात्यावर घ्यावी, तोच पुरावा. आणि बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावे. वय १८ ते ६० हवे आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नोंदीत कामगार कामावर मेला तर मंडळाच्या योजनेतून वारसाला ५ लाख रुपये मिळतात. ते मालकाच्या भरपाईपेक्षा वेगळे. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते विसरले की कार्ड नुसता कागद.

पुतण्या आता घरीच असतो. भरपाईतून पिठाची गिरणी टाकली, ती सूनबाई चालवते आणि हिशेब तो ठेवतो. घराच्या दारात खुर्ची चढवायला उतार करायचा होता तेव्हा मी थापी घेतली, तर त्याने खाटेवरून ओळंबा मागितला आणि उतार जास्त उभा झाला म्हणून पुन्हा करायला लावला.

या दिवाळीनंतर आमच्या गावातून १४ जण नवी मुंबईला गेले. त्यांतल्या ९ जणांजवळ मंडळाचे कार्ड आहे. बाकीच्या पाच जणांचे अर्ज ९० दिवसांच्या दाखल्यापाशी अडले आहेत. ठेकेदार आज देतो, उद्या देतो म्हणतो आहे. जाताना ते गिरणीवर आले होते. पुतण्याने प्रत्येकाच्या हातात काथ्याची एक एक गुंडी दिली आणि पोहोचल्याबरोबर फलकाचा फोटो पाठवायला सांगितले. परवापर्यंत अकरा फोटो आले होते, तिघांचे यायचे आहेत.